आडूचा पाला

जित्या, हिरव्यागार झाडाचं पान न् पान हातानं ओढून काढायचं, ही अक्कल माझी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं दोष कोणाला द्यायचा याचा घोळ नको.

झाडं आडूची. पुस्तकात सप्ताळू, बाजारात पीच, आमच्या गावात आडूच. संकरित जात, थंडी कमी लागणारी. पण कमी म्हटली तरी थोडी लागतेच, आणि वलगावपासून सहा किलोमीटर आत आमच्या काळ्या वावरात थंडी कुठली? यंदा तर डिसेंबर उजाडला तरी आभाळ भरलेलं, हवा चिकट, सकाळी आठलाच पाठ घामानं ओली. थंड मुलखात हे झाड हिवाळ्यात आपण होऊन पानं टाकतं, झोपतं, आणि उठलं की फुलतं. आमच्या झाडांना झोपच येईना. मागच्या वर्षी सगळ्या बागेला मिळून जी फुलं आली ती मी एका फेरीत मोजली होती. म्हणून पानं हातानं काढायची. पानं गेली की झाडाला वाटतं, हिवाळा आला.

"झाडाले फसवाचं म्हनतं," बाबा म्हणाले होते.

माझे बाबा जानराव. तीस वर्षं संत्रा केला त्यांनी. शेवटची संत्र्याची ओळ डिंक्या रोगानं गेली तेव्हा माझ्या नादी लागून त्यांनी आडू लावला. मी अकोल्याला शेतीचं शिकून आलेली, म्हणून. तरी पहिल्या वर्षी मला न सांगता त्यांनी संत्र्यासारखा ताण दिलाच. पाणी तोडलं की झाड सुकतं, मग पाणी सोडलं की बहार फुटतो, हे संत्र्याचं गणित. एकशे एक आडू होते, अकरा वाळून गेले. तेव्हापासून बाबा माझ्या शब्दाबाहेर नव्हते. उरलेल्या नव्वद झाडांवर त्यांनी जीव टाकला होता, आणि या वर्षी फुलं नाही आली तर पुन्हा काही लावायची उमेद त्यांच्यात उरणार नाही, हे मला दिसत होतं. त्यांना गुडघ्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नव्हतं आता.

पानं काढायला तीन बाया होत्या. पार्बताबाई, वयानं मोठी आणि तोंडानं त्याहून मोठी. शकुन, माझ्याहून चारच वर्षांनी पुढं, पण दोन लेकरांची आई. आणि जैनबबी. जैनबबी नाल्यापलीकडं राहायची, आमच्या वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सरळ गेलं की तिचं घर. चार बकऱ्या होत्या तिच्या. मी शाळेत असल्यापासून तिला मावशी म्हणते. शिवाय माझी आई मनकर्णा आणि मी.

"अवं आकांक्षा," पार्बताबाई पहिल्याच झाडापाशी म्हणाली, "भर दिवसा झाडाचे कपडे काहून काढून राहिली तू? पाप लागते बरं."

"लागलं तर मला लागेल. तू पान ओढ. देठापाशी फुलाचा डोळा आहे, तो मोडू नको."

"पाय बावा, मास्तरीन!"

"नाही मोडत वो कोनी डोळा," जैनबबी म्हणाली. "लेकराच्या डोक्यातली ऊ काढतो तसं काढून राहिलो आमी."

खरंच तसं काढायची ती. डाव्या हातात फांदी, उजव्या हाताच्या दोन बोटांत पान, आणि हलकेच टोकाकडं ओढायचं. दुपारपर्यंत सगळ्यांची बोटं हिरवी-काळी झाली. शकुननं भाकर खायच्या आधी हात धुतले, तरी पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं.

"कडू जहर हाय वो हे!"

आम्ही सगळ्या हसलो. मी पण हसले. साडेतेवीस वर्षांची घोडी, बीएस्सी झालेली, दात काढून हसले.

संध्याकाळी एकोणपन्नास झाडं उघडी झाली होती आणि खाली पाल्याचे ढीग होते. आमच्याकडं पाल्याची रीत ठरलेली आहे. छाटणीचा, खुडणीचा, निंदणाचा जो काही हिरवा चारा निघेल तो काम करणारीचा. मालक मागत नाही, बाई विचारत नाही. काम सुटलं की तिनं जुनं लुगडं पसरायचं आणि गठ्ठा बांधायचा. जो मालक पाल्यावर डोळा ठेवतो त्याच्या वावरात दुसऱ्या दिवशी बाया जात नाहीत, आणि का जात नाहीत ते साऱ्या गावाला माहीत असतं.

"न्या वो, जेवढा नेता येईल तेवढा न्या," आई म्हणाली. "इथी ठेवून का लोणचं घालाचं हाय?"

शकुननं लहानसा बांधला. पार्बताबाईनं गायीपुरता. जैनबबीनं सगळ्यांत मोठा बांधला, कारण तिची चांदणी नावाची बकरी गाभण होती, आज-उद्यावर आलेली.

"आताच नको टाकू बरं एवढा ओला," पार्बताबाई तिला म्हणाली. "पोट फुगंन तिचं."

"मले का समजत नाही? रातभर छपराच्या टिनावर पसरवतो. सुकून मऊ पडला का सकाळी देतो. पयले चांदणीले, मंग बाकीच्याईले."

गठ्ठा तिच्या एकटीनं उचलवेना. मी खाली बसले, दोन्ही हात घातले आणि उचलून तिच्या डोक्यावर दिला. "खुदा तुले सुखी ठेवो," ती म्हणाली आणि धुऱ्यानं निघाली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी कौतुकानं पाहत उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मी बायांच्या आधी वावरात आलो. बाबा पाण्याच्या मोटरपाशी होते. रात्री दंव नव्हतं, वारा नव्हता, नुसती कोंदट ऊब. उरलेले ढीग निम्मे खाली बसले होते.

"हा वास कायचा वो?" आई म्हणाली. "बदामाच्या तेलाची बाटली फुटल्यावानी."

मी वाकले, एक मूठ पाला उचलला. काल ताठ असलेली पानं आता लुळी पडली होती. मी ती हातात चुरगळली आणि नाकाशी नेली.

बदाम. कडू बदाम.

पाच मार्कांचा प्रश्न होता. दुसऱ्या वर्षाला, चारापिकांच्या पेपरात. जनावरांना बाधा करणारा पाला. आडू, जर्दाळू, आलुबुखार. ताज्या पानांत धोका आहेच, सुकत आलेल्या पानांत फार जास्त. पोटात गेल्यावर सायनाइड तयार होतं. जनावर अर्ध्या तासात दगावू शकतं. मी सगळं लिहिलं होतं. साडेचार मिळाले होते. अर्धा मार्क का कापला म्हणून सरांशी भांडले होते मी.

हातातला पाला टाकला आणि तळहात मातीत घासला.

"काय झालं?" आईनं विचारलं. "आकांक्षा, काय झालं वो? तोंड पांढरं पडलं तुह्यं."

मी सांगितलं. धड वाक्य येत नव्हतं, पण सांगितलं. आईनं पदर तोंडात धरला. बाबा मोटरीकडून आले, त्यांना तिनंच सांगितलं.

बाबांनी झाडांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "किती वाजले?"

"साडेसात."

"पार्बता न् शकुनकडं मी गाडीनं जातो. तू धुऱ्यानं जैनबबीकडं पय. पाला वापस आन." मग त्यांनी माझं मनगट धरलं, जोरात. "आयक. झाडाचं नाव घेऊ नको. फवारा मारला होता सांग. किडीचं औषध होतं पानावर, इसरलो म्हना."

"बाबा..."

"जहराचं झाड म्हनून नाव झालं का संपलं सारं. एक बाई हात लावाले येनार नाही. गाव म्हनंन तोडा. आन् तोडा लागंन मले. म्हनशीन ना फवारा?"

मी मान हलवली. घाबरलेलं माणूस कशालाही मान हलवतं, पण मी हलवली हे खरं आहे.

मी पळाले. धुऱ्यावर चपला घसरायला लागल्या म्हणून हातात घेतल्या. एका बाजूला तूर, अंगाला लागणारी, ओली. दुसऱ्या बाजूला वेचणीला आलेला कापूस. मधेच शकुन भेटली, डब्याची पिशवी हातात, कामावर निघालेली.

"अवं, कुठी पयतं?"

"शकुनताई, पाला दिला का बकरीला?"

"थो? हुंगला न् मान फिरवली तिनं. नखऱ्याची हाय. चुलीमागं टाकून देल्ला म्या. काहून?"

"उचल आणि जाळून टाक. आत्ता. जा, आत्ता जा!"

ती मागून काहीतरी विचारत होती, मी थांबले नाही. तिच्या बकरीनं मान फिरवली, म्हणजे चांदणीनंही फिरवली असेल, असं मी स्वतःला सांगत होते. नाला ओलांडताना पायात काच घुसली ती मला घरी गेल्यावर कळली.

जैनबबीच्या टिनावर पाला पसरलेला होता. अर्धं टिन मोकळं होतं.

तीन बकऱ्या खुंट्याला होत्या, पाल्याकडं माना वर करून ओरडत. चांदणी वेगळी, दारापाशी बांधलेली, पांढरी, पोट दोन्ही बाजूंना आलेलं. समोरचं टोपलं रिकामं होतं. ती उभी होती, पण पाय फाकवून. तोंड उघडं, श्वास जोराजोरात.

"ये बेटा, ये!" जैनबबी आतून गरम पाण्याचं पातेलं घेऊन आली. तोंडभर हसू. "बरी आली. पाय, कळा सुरू झाल्या तिले. आताच. पाला खाल्ला न् दहा मिन्टात सुरू झाल्या. पायगुण हाय तुह्या पाल्याचा!"

तिच्या मागं तिची नात माहेनूर, पाच वर्षांची, हातात गुळाचा खडा. बकरी व्यायली की तिला द्यायचा म्हणून.

मी आधी टिनावरचा पाला खाली ओढला, दोन्ही हातांनी, उड्या मारमारून.

"अवं, अवं! काय करून राहिली?"

"मावशी, बाकीच्यांना दिला का?"

"नाही. तिचं झाल्यावर देईन. पन झालं काय?"

"पाल्यावर..." मी म्हणाले. "पाल्यावर फवारा होता. किडीचा. विसरलो आम्ही."

जैनबबीनं पातेलं खाली ठेवलं. बकरीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "कळा नाही ह्या?"

मी मान हलवली.

"नईम!" ती अशी ओरडली की शेजारची दोन दारं उघडली. नईम तिचा मुलगा, माल वाहण्याचा टेम्पो चालवतो. दाढीला साबण लावलेला तसाच आला. त्यानं गुरांच्या डॉक्टरला फोन लावला. "साहेब, बकरीनं फवारा खाल्ला. किडीचा. हाव, पाल्यावर होता. गाभण हाय. लवकर या." मग मला म्हणाला, "येऊन राहिले. इंजेक्शन घेऊन निघतो म्हनाले. अर्धा घंटा."

चांदणीचे मागचे पाय वाकले. आम्ही तिला धरून खाली बसवली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या ओठाची कड उलटली तेव्हा हिरड्या दिसल्या, लालभडक. हेसुद्धा पेपरात होतं. फवाऱ्याची विषबाधा असती तर तोंडातून लाळेची धार लागली असती आणि डॉक्टर त्यासाठी जे इंजेक्शन आणणार होता ते उपयोगी पडलं असतं. हिला ते कामाचं नव्हतं. हिला वेगळं हवं होतं, आणि ते डॉक्टर दवाखान्यातच ठेवून निघाला होता, माझ्यामुळं. मला हे माहीत होतं. मी बकरीचं डोकं कुरवाळत बसले होते आणि मला हे सगळं माहीत होतं. डोळ्यांसमोर बाबांचा गुडघ्यावर टेकलेला हात येत होता.

"पन बेटा," जैनबबी एकदम म्हणाली, "काल दिवसभर तं हातानं पाला काढला आमी. फवारा असता तं वास नसता आला?"

"मागच्या आठवड्यात मारला होता," मी म्हणाले. एक खोटं बोललं की त्याला आधाराला दुसरं लागतंच.

ती आपल्या हातांकडं पाहायला लागली. बोटं अजून हिरवी-काळी होती, धुऊन गेली नव्हती. मग तिनं माहेनूरकडं पाहिलं, आणि तिचं तोंड असं झालं की ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"ह्याच हातानं जेवू घातलं म्या इले," ती म्हणाली. "सांजीले. ह्याच हातानं कालवलं वरन-भात. या अल्ला. या अल्ला, नईम, पोरीले पाय! काल रातीपासून पोट दुखते म्हनत होती न थे!"

"कवा म्हनली?" नईम.

"झोपतानी म्हनली! म्या म्हटलं गूळ खाल्ला म्हनून!"

नईमनं पोरीला उचललं. साबण तसाच, टेम्पोची किल्ली शोधत. "दवाखान्यात नेतो. अमरावतीले नेतो." माहेनूर घाबरून रडायला लागली. जैनबबी दगडावर हात घासत होती, अंगणातल्या दगडावर, कातडं सोलायचं तसं. शेजारची बाई ओरडत होती की मिठाचं पाणी पाजा, ओकारी काढा. कोणीतरी पोरीचं तोंड धरलं.

"थांबा!" मी म्हणाले. कोणी ऐकलं नाही. मग ओरडले. "थांबा! फवारा नाही! फवारा मारलाच नाही कोणी!"

सगळे थांबले. नईमचा पाय टेम्पोच्या पायरीवर होता.

"मावशी, फवारा नव्हता. तुमच्या हाताला काही नाही. पोरीला काही नाही. पाल्याच्याच आत आहे ते. झाडाच्या पाल्यातच आहे. सुकला की जनावराला मारतो. मला माहीत होतं. मी शिकले होते, आणि काल लक्षात नाही आलं. नईमभाऊ, फोन द्या, डॉक्टर चुकीचं इंजेक्शन घेऊन येतोय."

फोन मीच लावला. डॉक्टरला सांगितलं: आडूचा पाला, सुकलेला, हिरड्या लाल.

"म्हणजे कवळी ज्वारी खाल्ल्यावर लागतं तेच," तो म्हणाला. "त्याचं औषध दवाखान्यात आहे. मी तुमच्या फाट्याला पोचलो होतो बाई. आधी का नाही सांगितलं?"

गाडी वळल्याचा आवाज मला फोनमधून ऐकू आला.

त्यानंतरचा वेळ किती होता ते मी सांगू शकत नाही. चांदणीची मान मागं ताणली गेली. पाय एकदा झाडले, पुन्हा झाडले. जैनबबी खाली बसली आणि तिनं तिच्या पोटावर हात ठेवला. आतलं हालत होतं. कातड्याखालून दिसत होतं, एक ठिकाणी वर यायचं, खाली जायचं. "जित्ते हायत," ती म्हणत होती. "दोन हायत, जित्ते हायत." चांदणीचा श्वास थांबला तरी ते हालत होतं. मग तेही कमी झालं. जैनबबी हात सरकवत राहिली, इथं, तिथं, शोधत.

डॉक्टर आला तेव्हा तो धावतच आला, बाटली हातात. त्यानं डोळा उघडून पाहिला, छातीला कान लावला, आणि बाटली पुन्हा खोक्यात ठेवली. बाकीच्या तिघींना तपासलं. "ह्या ठीक आहेत. एवढा पाला जाळा नाहीतर खोल पुरा," म्हणाला.

बाबा तेवढ्यात आले. गाडीमागं पार्बताबाईचा गठ्ठा बांधलेला. तिच्या गोठ्यातून त्यांनी तो तिच्यासमोर उचलून आणला होता आणि ती अख्ख्या गल्लीत ओरडली होती की जानरावाची एवढी नियत बिघडली का दिलेला पाला वापस नेते. तिची गाय वाचली होती. बाबा उतरले, मेलेली बकरी पाहिली, जमलेले लोक पाहिले, आणि त्यांना कळलं की मी सांगितलं. ते गाडीला धरून उभे राहिले.

जैनबबीनं चांदणीच्या अंगावर गोणपाट टाकलं. मग माझ्यासमोर येऊन बसली. रडत नव्हती.

"एक सांग," ती म्हणाली. "तू आली, टिनावरून पाला ओढला, तवा तुले ठाव होतं?"

"हो."

"थे सारं? झाडाचं?"

"हो मावशी."

"मंग फवारा काहून म्हनली?"

लोक ऐकत होते. बाबा ऐकत होते. बाबांनी सांगितलं म्हणून, असं मला म्हणता आलं असतं आणि ते खोटं नव्हतं. पण जीभ माझी होती.

"झाडं तोडतील म्हणून भ्यायले," मी म्हणाले.

"झाडं," ती म्हणाली. "बरं."

त्या दिवशी घरी कोणी जेवलं नाही. आईनं माझ्या पायातली काच काढली. बाबा खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. "म्या सांगतलं होतं पोरीले तसं म्हनाले," ते भिंतीलाच म्हणाले. "थे बोलनं माह्यं हाय. तिचं नाही." पुढच्या बाजाराला ते एक गाभण बकरी घेऊन जैनबबीच्या दारी गेले. तिनं ती बांधून घेतली. "चांदणी नाही थे," एवढंच म्हणाली, आणि बाबांना बसा म्हणाली नाही.

बाया आल्या नाहीत. शकुनला नवऱ्यानं मनाई केली. पार्बताबाई तर रस्त्यात आईला पाहून तोंड फिरवायची. पोरं आमच्या धुऱ्यावरून जाईनात, आया त्यांना हाताला धरून लांबून न्यायच्या. एक दिवस गावातले दोघं-तिघं येऊन बाबांना म्हणाले, "जानरावभाऊ, कायले ठेवता? लेकरंबाळं हायत गावात." लोक गेल्यावर बाबांनी कुऱ्हाड काढली, धार लावली, आणि पुन्हा खुंटीला अडकवली. मी दाराआडून पाहत होते.

एक्केचाळीस झाडं उरली होती. बाकीच्या कामांतून सवड काढून आई, बाबा आणि मी तिघं काढत राहिलो. बाबांचा हात जड, डोळे मोडायचे, मग स्वतःवरच चिडायचे. एका कोपऱ्यात आम्ही कमरेइतका खड्डा खणला होता. संध्याकाळी सगळा पाला त्यात, वर माती, वर काटे. तरी घरी गेल्यावर मला वाटायचं, एखादं पान वाऱ्यानं गेलं असेल. मी परत जायची, चिमणीच्या उजेडात ओळीओळीतून वाकून पाहायची. शेजारच्या वावरात कोणाची म्हैस ओरडली तरी मी धुऱ्यापर्यंत धावत जायची.

आठव्या दिवशी सकाळी धुऱ्यावरून जैनबबी आली.

मी झाडापाशी तशीच उभी राहिले. आईनं पदर सारखा केला. ती आली, पाण्याचं डबडं झाडाखाली ठेवलं, आणि अर्धवट राहिलेल्या झाडाची फांदी डाव्या हातात धरली.

"मावशी..." मी म्हणाले.

"ज्वारीचे कवळे फुटवे खाल्ले का ढोर मरते," ती म्हणाली, माझ्याकडं न पाहता. "म्हनून कोनी ज्वारी पेरनं सोडलं का? पन ज्वारीचं ठाव असते साऱ्याईले. सांगतात लोक. तेवढंच." दोन पानं काढली. "जानरावभाऊ, तुमी दूर व्हा. किती डोळे मोडले हे. कामाचं वाटोळं करून राहिले."

बाबा दूर झाले. गुडघ्यावर हात टेकून धुऱ्यावर जाऊन बसले आणि पलीकडं तोंड करून राहिले.

दिवसभर ती आमच्याशी कामापुरतंच बोलली. दुपारी हात तीनदा धुतले, मग भाकरीचं फडकं सोडलं. तिच्या हातांवर दगडानं घासलेल्या जागी खपल्या धरल्या होत्या. मी तिच्याकडं पाहिलं की ती माझ्या बोटांकडं पाहायची, डोळे मोडत तर नाही ना म्हणून.

संध्याकाळी शेवटचं झाड उघडं झालं. नव्वदच्या नव्वद, नुसत्या काड्या, त्या दमट हवेत. ती घरी निघाली नाही. खड्ड्यापाशी येऊन उभी राहिली. मी टोपलं टोपलं पाला टाकला, बाबांनी माती ओढली, आणि शेवटची पाटी पडेपर्यंत ती पाहत होती. मग ती वाऱ्याच्या बाजूला गेली, पदर सोडला आणि झटकला. एकदा, दोनदा, तीनदा. निऱ्या झटकल्या. मग माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "पाय बरं, कुठी पान तं नाही न? घरी बकऱ्या हायत माह्या."

मी पाहिलं. पदराची घडी न् घडी उलगडून पाहिली, पाठ पाहिली, केस पाहिले. अंबाड्याखाली, पोलक्याच्या काठाला एक पान चिकटलेलं होतं. मऊ पडलेलं.

मी ते काढलं आणि समोर येऊन तिच्यापुढं धरलं. "होतं मावशी. एक."

तिनं पानाकडं पाहिलं, मग पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"एवढ्यानं मरते का बकरी?"

"एका पानानं नाही मरत," मी म्हणाले. "मला तरी तसंच शिकवलंय. पण मावशी, छातीवर हात ठेवून नाही सांगता येत."

"मंग पुर," ती म्हणाली, आणि मी काटे बाजूला करून, हातानं माती उकरून, ते एक पान पुरेपर्यंत उभी राहिली.